तिसऱ्या तासाला काय होतं

हेडफोन डोक्यावरून उतरवत होते, तेवढ्यात अंबाड्यातला एक आकडा सुटला आणि टच्‌ करून उजव्या कपाच्या जाळीला जाऊन चिकटला. काढला, तर पुन्हा चिकटला. भाचा जेवता जेवता ओरडला, "मावशी, आकडे काढून ठेव गं आधी! आत एवढे चुंबक आहेत, लोखंडाचा बारीक कण जरी आत गेला ना, तरी पडदा खरखरायला लागेल." लाखाच्या वरची वस्तू. मी ती हळूच टेबलावर ठेवली, आत जाऊन डोक्यातले सगळे आकडे काढले, केस कापडी रबराने बांधले आणि परत येऊन बसले.

ही गोष्ट मे महिन्यातली. भाचा बंगळूरुला असतो, हेडफोनांचा त्याला मनापासून नाद आहे. कामासाठी सहा आठवडे परदेशी जायचा होता, म्हणून जाण्याआधी इंदूरला येऊन दोन हेडफोन माझ्याकडे ठेवून गेला. एक ऑडिझीचा एलसीडी-एक्स आणि दुसरा हायफायमॅनचा आर्या, स्टेल्थ म्हणजे आवाजाला कमी अडवणाऱ्या चुंबकांचा. माझा स्वतःचा हायफायमॅन सुंदरा तीन वर्षांपासून आहे. तिन्ही प्लेनर, तिन्ही उघड्या पाठीचे. (हायफायमॅन ही फँग बियान यांनी न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली आणि पुढे चीनला गेलेली कंपनी, पण नावं बघा: सुंदरा, आनंदा, आर्या, सुस्वरा. आमच्या आईला ती फार आवडतात. तिला वाटतं कुणीतरी बारसं करून ठेवली आहेत.)

मी मराठी ऑडिओबुकं तपासायचं काम करते, लोकमान्य नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून. निवेदक आपापल्या गावाहून फायली पाठवतात. मी त्या ऐकते, चुकलेले शब्द टिपते, ओठांचे चटके, गिळण्याचे आवाज, खुर्चीची करकर काढते. दहा तासांचं पुस्तक असलं तर माझे पंचवीस-तीस तास जातात. म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास कानांवर काहीतरी असतंच, आणि रात्री त्याच कानांनी मी गाणं ऐकते. हेडफोनांबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातलं असतं. मला तिसऱ्या तासाबद्दल वाचायचं असतं. ते फारसं सापडत नाही, म्हणून या सहा आठवड्यांत मी वहीत टिपून ठेवलं, ते इथे मांडते आहे.

आधी प्लेनर म्हणजे काय ते सांगते, कारण वजनाचं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं. नेहमीच्या हेडफोनमध्ये एक छोटा शंकू असतो आणि त्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते. चुंबकाच्या जोरावर ती गुंडाळी शंकूला ढकलते. प्लेनरमध्ये शंकू नाहीच. केसापेक्षा कितीतरी पातळ असा सपाट पडदा ताणून बसवलेला असतो, त्यावर वाहक तारेची नक्षी उमटवलेली असते, आणि पडद्यासमोर चुंबकांच्या पट्ट्या एका ओळीत लावलेल्या असतात. नक्षीतून वीज वाहिली की अख्खा पडदा एकदम हलतो, ताणलेल्या चादरीवर खालून वारा लागावा तसा. सगळीकडून सारखा जोर, म्हणून खर्जातही आवाज फाटत नाही. पण पडदा मोठा म्हटला की चुंबकही तेवढ्या मोठ्या जागेत पसरलेले हवेत, आणि चुंबक जड असतात. यामाहाने 1976 मध्ये एचपी-1 नावाचा असा हेडफोन काढला होता, त्याला ते 'ऑर्थोडायनॅमिक' म्हणत. तेव्हा साधे फेराइट चुंबक होते. निओडायमियमचे ताकदवान चुंबक आले ते 1980च्या दशकात. ऑडिझी ही कॅलिफोर्नियातली कंपनी 2008 मध्ये सुरू झाली, आणि तिच्या एलसीडी मालिकेने प्लेनरला पुन्हा चांगले दिवस आले. 2023 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवाल्या कंपनीने ती विकत घेतली.

आता वजनं. सुंदरा 372 ग्रॅम, आर्या 404, एलसीडी-एक्स 612. शंकूवाल्या सेनहायझर एचडी 600चं वजन 260 आहे, म्हणजे एलसीडी-एक्स त्याच्या दुपटीहून जड. हातात घेतला तेव्हा मला अर्धा किलो शेवेचा पुडा आठवला, आणि हा पुडा तर त्याहूनही वर.

पहिल्या रात्री मी एलसीडी-एक्सच लावला. भाचा सराफ्याला, रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खायला गेला होता, घर शांत होतं. अमीर खाँसाहेब लावले. इंदूरचा माणूस हेडफोन पारखायला बसला तर पहिलं नाव दुसरं कुणाचं घेणार? खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा, चौदा मात्रांचा ताल, इतका संथ की एका मात्रेत एक श्वास आरामात मावतो. मात्रेमात्रेमधली ती जागा रिकामी नसते. तिथे तानपुरा असतो, तबल्याच्या बायाची, म्हणजे डग्ग्याची, सरत जाणारी घुमक असते, खाँसाहेबांचा पुढचा स्वर तिथेच तयार होत असतो. सुंदरावर बाया मला ऐकू यायचा, पण त्याची घुमक कुठे संपते ते कळायचं नाही. एलसीडी-एक्सवर ती शेवटपर्यंत कळली. तबलजीने तळव्याचा टेकू देऊन बायाचा स्वर वर चढवला, तो चढ पायरीपायरीने ऐकू आला. काळी एक ही पट्टी धरली तर पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झवर येतो. इतक्या खाली जाऊनही आवाज सैल पडला नाही, भरीव राहिला. मी एका जागी बसून पस्तीस मिनिटं ऐकलं. त्या पस्तीस मिनिटांपुरतं विचाराल तर तिघांमध्ये एलसीडी-एक्सच पहिला, यात मला शंका नाही.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले.

माझ्या कामात एक परीक्षा अशी आहे की ती मराठीतच घेता येते. 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा. चारमधला च टाळूकडचा, गुरांच्या चाऱ्यातला च दातांकडचा. तसंच 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहिताना फरक नाही, उच्चारात आहे. आम्हा इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी माणसांच्या तोंडात हिंदी इतकी मुरलेली असते की दातांकडचा च कधी निसटतो ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. निवेदक इकडचा असेल तर माझ्या बऱ्याच दुरुस्त्या याच असतात, आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतली इंग्रजी शाळेत शिकलेली नवी मुलंही आता हीच चूक करतात. ही चूक पकडायची तर कानाला वरच्या पट्टीतली सळसळ नीट ऐकू यायला हवी. दातांकडच्या च-ची फुसकार ढोबळपणे 5000 ते 8000 हर्ट्झच्या टापूत असते, टाळूकडच्याची त्याच्या खाली.

एलसीडी-एक्सचा आवाज 4000 हर्ट्झच्या आसपास थोडा खोलगट आहे. गाण्यात याचा फायदाच होतो, आवाज मऊ, गडद लागतो, हार्मोनियम टोचत नाही. पण निवेदकाचा आवाज एक पाऊल मागे जाऊन उभा राहतो. सकाळच्या सत्रात मी तीन 'चारा' आणि एक 'जाळं' सोडून दिलं होतं. दुपारी सुंदरा लावून तीच फाइल पुन्हा ऐकली तेव्हा ते सापडले. मग मी इक्वलायझरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करायच्या सोयीत, 4000च्या जागी तीन डेसिबल वाढवले आणि एलसीडी-एक्सवर परत ऐकलं. आता त्या चारही चुका स्पष्ट. प्लेनरचं हे एक मोठं सुख आहे. पडद्याची विकृती एवढी कमी असते की इक्वलायझरने ओढलं-ताणलं तरी आवाज कुरकुरत नाही. ऑडिझीने स्वतःच आपल्या हेडफोनांसाठी रिव्हील नावाचा प्लगइन काढला आहे, तो याच कामासाठी. म्हणून आवाजाच्या त्या खोलगटपणावरून मी एलसीडी-एक्सला नापास करणार नाही. तो दुरुस्त होतो.

मान दुरुस्त होत नाही.

पहिल्या तासात वजन जाणवतच नाही, उलट बरं वाटतं, डोक्यावर कुणी मायेने हात ठेवल्यासारखं. दुसऱ्या तासात मी मान डावीकडे कलती करायला लागले. ते मला कळलं नाही, चहा घेऊन आलेल्या आईला कळलं. तिसऱ्या तासाला मानेच्या मागे, केस संपतात तिथे, एक गाठ आल्यासारखं झालं. मला मानेचा जुना त्रास आहे, त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांना लागू होईल असं नाही. पण एक गोष्ट लागू होईल असं वाटतं. त्या तिसऱ्या तासात मी टिपलेल्या चुका पहिल्या तासाच्या निम्म्याही नव्हत्या, आणि फाइल तीच होती, निवेदक तोच. दुखणाऱ्या मानेने माणूस कमी ऐकतो. हे मी आधी मानलं नसतं, वहीतल्या खुणा मोजल्या म्हणून मानलं. त्या दिवसापासून माझ्यापुरती 'आवाज' आणि 'आराम' अशी दोन वेगळी खाती राहिली नाहीत.

त्याच आठवड्यात आणखी एक घोळ झाला. एलसीडी-एक्सचा डावा कप मला पातळ वाटायला लागला. बाया ऐकू येतो आहे, पण पोट नाही. घाबरले, कारण वस्तू परक्याची. केबल बदलून पाहिली, डावं-उजवं उलटं करून पाहिलं, डाव्या कानालाच पातळ. मग आरशासमोर गेले. चष्म्याची काडी पॅडच्या खालून जात होती आणि कानामागे पॅड उचललं गेलं होतं. त्यात भर म्हणजे मोत्याच्या कुडीची फिरकी. डाव्या कुडीची फिरकी मी हल्लीच बदलली आहे, ती जुनीपेक्षा जाड आहे, आणि पॅडची आतली कड बरोबर तिच्यावर टेकत होती. मधे जी फट राहिली त्यातून खालचे स्वर पळून जात होते. कुड्या काढल्या, चष्मा काढला, आणि बायाला पोट परत आलं. पॅड डोक्याला सगळीकडून चिकटून बसायला हवं हे वाचलेलं होतंच, पण एका फिरकीने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. आर्याचं पॅड लांबट अंड्याच्या आकाराचं आहे आणि आत इतकी जागा आहे की अख्खा कान कुडीसकट आत बसतो, कुठेही टेकत नाही. सुंदराचं पॅड गोल आहे, त्यात माझ्या कानाची पाळी कडेला लागते. तीन वर्षं लागतच होती, मी सवय करून घेतली होती.

चष्म्याचं काय करायचं, तर मी कामासाठी जुना बारीक तारेच्या काड्यांचा चष्मा बाहेर काढला. जाड प्लॅस्टिकच्या काड्या हेडफोनखाली घालू नयेत. आवाजही जातो आणि तासाभराने कानामागे दुखायलाही लागतं.

तेलाबद्दल तर मी कळवळून सांगते. आपल्याकडे केसांना तेल लावणं म्हणजे रोजचं काम. माझ्या सुंदराच्या पहिल्या पॅडचं बाहेरचं नकली चामडं वर्षाच्या आतच सोलायला लागलं, काळे पापुद्रे गालाला चिकटायचे. मी ज्या दुकानातून ऑनलाइन बदली पॅड मागवली त्यांनी दुसऱ्याच कुठल्यातरी हेडफोनची पाठवली, ती बसली खरी पण आवाज कोरडा झाला, आणि परत घ्यायला ते तयार झाले नाहीत. पॅडची जाडी, आतलं कापड, भोकांची संख्या बदलली की आवाज बदलतो, त्यामुळे मूळ कंपनीचीच पॅड घ्या, महाग असली तरी. एलसीडी-एक्सची पॅड चामड्याची, जाड आणि अप्रतिम मऊ, पण त्यांना तेलाचा हात लावायची माझी हिंमत झाली नाही. सहा आठवडे मी डोक्यावर सुती ओढणीची एक घडी ठेवून वर पट्टा ठेवत होते.

आणि मंगळसूत्र. केबल गळ्याशी येते आणि मण्यांवर घासते. घासण्याचा तो बारीक आवाज केबलमधून कपात चढतो. पहिल्या दिवशी मी निवेदकाच्या फाइलवर 'मागे काहीतरी मणी वाजताहेत' अशी टीप लिहिली होती. पाठवायच्या आधी लक्षात आलं. आता केबल पाठीवरून घेते.

मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर असतो आणि पंख्याशिवाय बसता येत नाही. उघड्या पाठीच्या हेडफोनला बाहेरचं सगळं ऐकू येतं, म्हणजे पंखाही. पंख्याची घरघर खालच्या पट्टीत असते आणि नेमकी तिथेच ती तानपुऱ्याचा खर्ज खाऊन टाकते. लाखाचा हेडफोन घेऊन पंख्याखाली बसलं तर त्याच्या किमतीतला मोठा वाटा पंखाच ऐकतो. बंद पाठीचे प्लेनरही मिळतात, पण या उन्हाळ्यात बंद कपात कान उकडून निघतील. मी एक युक्ती केली. टेबल खिडकीकडे सरकवलं, पंखा मंद ठेवला, आणि खरं ऐकणं रात्री अकरानंतर. माळव्याच्या रात्री अजूनही थंड होतात, 'शब-ए-मालवा' उगीच म्हणत नाहीत. सकाळचं काम मात्र कचरागाडी गाणं वाजवत गल्लीतून निघून गेल्यावरच सुरू करते. तिच्यापुढे कुठलाच हेडफोन टिकत नाही.

आर्याबद्दल आता सविस्तर, कारण शेवटी वहीत सगळ्यात जास्त पानं त्याचीच भरली. त्याचा पट्टा दुहेरी आहे. वर धातूची कमान आणि खाली रुंद झुलती पट्टी, पलंगाच्या नाडीसारखी, वजन टाळूवर पसरवणारी. कप स्वतःभोवती वळतात, त्यामुळे जबड्याच्या उताराशी जुळवून घेतात. सुंदरालाही झुलती पट्टी आहे, पण कप तसे वळत नाहीत, आणि कानाच्या खाली हलकीशी फट राहते. आर्याचे 404 ग्रॅम सुंदराच्या 372पेक्षा जास्त असूनही मला कमी वाटले. तराजू एक सांगतो, मान दुसरंच. तिसऱ्या तासाला मी मुद्दाम स्वतःला विचारलं, दुखतंय का? उत्तर द्यायला मला थांबून मानेकडे लक्ष द्यावं लागलं. तेव्हाच मला कळलं की हा माझा हेडफोन.

आवाजात आर्या एलसीडी-एक्ससारखा भरीव नाही. बाया ऐकू येतो, खोल जातो, पण त्याचं कातडं हाताला लागत नाही. वरच्या पट्टीत तो फार उजळ आहे. 'श' आणि 'स' चमकतात, आणि निवेदिका माइकच्या जवळ बसणारी असेल तर दीड तासाने 'शेवटी', 'शांतपणे', 'श्वास' असे शब्द कानाला सुईसारखे टोचतात. मी 8000च्या जवळपास दोन डेसिबल कमी केले तेव्हा ते सुसह्य झालं. पण चार-चारा इतका स्वच्छ मला कुठेच ऐकू आला नाही. एकही निसटला नाही. आणि निवेदकाने मान वळवली, कागद बदलला, माइकपासून दोन बोटं मागे सरकला, हे सगळं जागेसकट दिसतं.

या 'जागेबद्दल' एक सांगायचं आहे. आर्याचं कौतुक होतं ते त्याच्या मोठ्या मंचासाठी, गायक समोर, वाद्यं आजूबाजूला, अशी रुंद बैठक. ते खरं आहे, पण आपण जे ऐकतो त्यातलं पुष्कळसं जुनं मोनो रेकॉर्डिंग असतं, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज. मोनोमध्ये मंच रुंद असो की अरुंद, गवई डोक्याच्या मधोमधच बसतो. खाँसाहेब आर्यावर तेवढेच जवळ होते जेवढे सुंदरावर. फरक पडतो तो नंतरच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगांत.

तो फरक मला आईने दाखवला. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, लग्नाआधी गाणं शिकली. कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व, देवासला राहायचे, ते इथून बसने तासाभराच्या अंतरावर. आईने त्यांना समोर बसून ऐकलं आहे आणि त्यांच्या तानपुऱ्यांबद्दल ती अजून बोलते. 1948 मध्ये क्षयाच्या आजारपणात ते देवासला आले, वर्षानुवर्षं गाणं बंद होतं, पुढे एका फुफ्फुसाच्या बळावर गायले, हे तिने मला लहानपणी गोष्टीसारखं सांगितलेलं. एके रात्री मी म्हटलं, "आई, हे घालून बघ." आधी एलसीडी-एक्स दिला. चार मिनिटांत तिने दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला. "आवाज गोड आहे गं, पण मान खाली जाते." मग आर्या. तिचे केस विरळ झालेत, पट्टीचा रग टाळूला लागेल अशी मला भीती होती. तिने काही म्हटलं नाही. डोळे मिटले आणि उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर मात्रा मोजायला लागली. विलंबित पूर्ण झाला, द्रुत सुरू झाला, तरी ती उठली नाही. मग डोळे न उघडता म्हणाली, "डावीकडचा तानपुरा जरा उतरलाय बघ. पंचमाची तार." मी तिच्या कानावरून हेडफोन घेऊन ऐकलं. मला आधी काहीच कळलं नाही. दोन्ही जवाऱ्या वेगवेगळ्या उभ्या होत्या, डावी किंचित खरबरीत, उजवी गुळगुळीत, एवढंच. दोनदा मागे नेऊन ऐकल्यावर डाव्या पंचमात एक मंद हेलकावा सापडला. सेकंदाला एखादा, त्याहून जास्त नाही. तीच फाइल मी सुंदरावर पन्नास वेळा तरी ऐकली असेन.

जवारी म्हणजे घोडीवर तारेखाली दोऱ्याचा जीव घालून जो झणत्कार आणतात, तो. त्यात मूळ स्वराच्या वर एकावर एक असे किती तरी स्वर चढत जातात. उजळ हेडफोन ते वरचे स्वर दाखवतो आणि गडद हेडफोन मूळ तारेचं अंग दाखवतो. माझ्या मते तानपुऱ्याच्या बाबतीत आर्या बरोबर आणि बायाच्या बाबतीत एलसीडी-एक्स बरोबर. दोन्ही एकाच हेडफोनमध्ये मला मिळाले नाहीत.

ताकदीचं थोडक्यात सांगते. एक मिलिवॉट दिला की एलसीडी-एक्स 103 डेसिबल देतो, आर्या 94. माझ्या टेबलावरच्या रेकॉर्डिंगच्या डबीला, म्हणजे कॉम्प्युटर आणि हेडफोनच्या मधल्या यंत्राला, एलसीडी-एक्स सहज झेपला, नॉब निम्म्यावरही न्यावा लागला नाही. आर्याला त्याच आवाजासाठी साधारण आठपट ताकद लागते, तीही डबीने दिली. सुस्वरा मात्र 83 डेसिबलवाला, एलसीडी-एक्स जे एका मिलिवॉटमध्ये करतो त्यासाठी त्याला शंभर हवेत. तो घ्यायचा तर मोठा ॲम्प्लिफायर घ्यावाच लागतो. तुलना करताना तिन्हींचा आवाज एका पातळीवर आणूनच ऐका. मी फोनचं डेसिबल-मीटर कपात धरून ढोबळ जुळवलं होतं. नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. आणि प्लेनर मोठा केला तरी फाटत नाही, म्हणून हात नकळत नॉबकडे जात राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास, एवढी मर्यादा सांगितली आहे. माझे तास त्याच्या जवळ जातात, म्हणून मी डबीच्या नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. त्याच्या पुढे नाही.

एक काळजी भाच्याने शिकवली तीही सांगते. एलसीडी-एक्ससारखी घट्ट बसणारी पॅड कानावर झटकन दाबायची नाहीत. आत हवा कोंडते आणि तो पातळ पडदा तिच्या दाबाखाली येतो. हळू टेकवायचं, काढताना आधी एक कड उचलून हवा जाऊ द्यायची.

भाचा जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत आला. पाऊस सुरू झाला होता, पंखे बंद होते, आणि मी शेवटच्या रात्री एलसीडी-एक्सवर पुन्हा तोच झूमरा ऐकला. पस्तीस मिनिटं, तेवढीच. वाईट वाटलं त्याला पेटीत ठेवताना. घरात मानेचा त्रास नसलेलं कुणी असतं, दिवसाला एक तास गाणं ऐकणारं, तर मी त्याला हाच घ्यायला सांगितलं असतं.

आर्या मी ठेवून घेतला. भाच्याने घरचा म्हणून किंमत कमी केली, तरी सहा हप्ते करून घेतले आहेत, तिसरा या महिन्यात गेला. सुंदरा आईच्या पलंगाशेजारी आहे, तिच्या कानाची पाळी लहान असल्याने तिला तो लागत नाही. डाव्या कुडीची फिरकी सोनाराकडून पुन्हा पातळ करून आणली. केसांना तेल आता फक्त शनिवारी रात्री लावते, कारण रविवारी मी काम करत नाही.